धावतो तो कोण?

तंजावरच्या उत्तरेस, शहरापासून सुमारे १३ किलोमीटरवर, कावेरीच्या काठी तिरुवैयारु हे क्षेत्र आहे. तमिळ भाषेत 'तिरु' म्हणजे श्री, 'ऐ' म्हणजे पाच आणि 'आरु' म्हणजे नदी. संस्कृतात याच स्थानाला पंचनद म्हणतात व तेथील शिवाला पंचनदीश्वर. वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि कावेरी अशी या पाच नद्यांची नावे सांगितली जातात. व्यंकोजीराजे भोसले यांनी १६७५ च्या सुमारास तंजावरास मराठी राज्य स्थापन केले व ते १८५५ पर्यंत टिकले. तेव्हा महाराष्ट्रीय वाचकाला हा मुलूख अगदीच परका नाही.

या पंचनदाच्या भूमीत भात पिकते. खळ्यावर पडलेली भाताची रास पाहून विचारावे की, ही कोणी पिकविली? शेतकरी म्हणेल, 'मी पिकविली. नांगरणी माझी, लावणी माझी.' त्याचे म्हणणे खोटे नाही. परंतु त्याच्या शेतात येणारे पाणी मेट्टूरच्या धरणातून येते, आणि त्या धरणात पाणी यावयाचे तर शेकडो किलोमीटर दूर कोडगूच्या डोंगरांत व सभोवतीच्या प्रदेशांत पाऊस पडावा लागतो. धरणाचे दरवाजे १२ जूनला उघडावेत असा प्रघात आहे. २०२४ साली ते जुलैच्या अखेरीस उघडले. शेतकरी तोच, जमीन तीच, अवजारे तीच, कष्टही तेवढेच. पण हंगाम मागे पडला. त्या वर्षी पीक उणे आले तर ते कोणाचे उणेपण समजावयाचे? आणि पुढच्या वर्षी रास मोठी झाली तर ती कोणाची थोरवी?

गीतेच्या अठराव्या अध्यायातील चौदाव्या श्लोकात भगवंतांनी या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. कोणतेही कर्म सिद्धीस जाण्यास पाच कारणे लागतात: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. शरीराने, वाणीने अथवा मनाने मनुष्य जे काही करतो, मग ते न्याय्य असो की विपरीत असो, त्याची कारणे हीच पाच, असे लगेच पुढच्या श्लोकात सांगितले आहे. त्याच्याही पुढच्या श्लोकात कठोर शब्द आहे: एवढे असूनही जो केवळ आत्म्याला कर्ता मानतो, त्याची बुद्धी संस्कारलेली नाही व त्याला खरे दिसत नाही. येथील 'केवळ' या पदावर आचार्यांनी फार सूक्ष्म विचार केला आहे. श्रीशंकराचार्य त्याचा अर्थ 'शुद्ध, निःसंग' असा घेतात. श्रीरामानुजांच्या मते परमात्म्याच्या अनुमतीवाचून स्वतःलाच एकटा कर्ता समजणे हा तेथील दोष आहे. गृहस्थाने दोन्ही अर्थ ध्यानात ठेवावेत. व्यवहारात दोहोंचाही उपयोग होतो.

हा श्लोक कथा-कीर्तनांत ऐकला जातो व तेथेच ठेवून घरी परतण्याची रीत आहे. परंतु अलीकडे तो नव्या रूपाने घरातच येऊन उभा राहिला आहे. घरोघरीचे तरुण, आणि चाळिशी उलटलेले गृहस्थसुद्धा, शर्यती धावू लागले आहेत. त्यांतील एक प्रकार विचारास विशेष योग्य आहे. जर्मनीत २०१७ साली जन्मलेली 'हायरॉक्स' नावाची ही मिश्र शर्यत भारतात प्रथम मुंबईत ३ मे २०२५ रोजी झाली. तीत आठ वेळा एकेक किलोमीटर धावावयाचे आणि प्रत्येक धावेनंतर एक कष्टाचे काम करावयाचे असते. प्रथम दोऱ्या खाली ओढण्याच्या यंत्रावर १००० मीटर. मग वजन लादलेली स्लेड गालिच्यावरून ५० मीटर ढकलणे. मग तशीच स्लेड दोराने ओढून आणणे. मग पालथे पडून उठत, उड्या मारीत ८० मीटर जाणे. मग वल्हे मारण्याच्या यंत्रावर १००० मीटर. मग दोन्ही हातांत वजने घेऊन २०० मीटर चालणे. मग खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन गुडघा टेकीत १०० मीटर. आणि सर्वांत शेवटी जड चेंडू भिंतीवरच्या खुणेपर्यंत १०० वेळा फेकणे. स्पर्धकाच्या घोट्याला एक लहानसे यंत्र बांधलेले असते. शर्यत संपताच आठ धावांचा वेळ निराळा, आठ कामांचा निराळा, आणि धावेवरून कामाकडे व कामावरून धावेकडे जाण्यात गेलेला वेळही निराळा, असा संपूर्ण हिशेब त्याच्या हाती येतो.

त्या कागदाचे वाचन ही खरी परीक्षा असते. कोणी तो वाचून फुगतो, कोणी खचतो. कोणाचा बाप तो पाहून म्हणतो, 'तुझ्यात दमच नाही'. कोणाची आई समजूत घालते, 'नशिबात नव्हते, बाळ.' पहिल्या बोलण्यात पाचही कारणे कर्त्याच्या माथी मारलेली आहेत. दुसऱ्यात पाचही दैवाच्या पदरात टाकलेली आहेत. दोन्ही वाक्ये मायेने उच्चारलेली असतात व दोन्ही मुलाचे सारखेच अहित करतात.

मग हा कागद वाचावा कसा? समजा, एखाद्याची पाचव्या किलोमीटरची धाव फार मंद झाली. तो म्हणतो, 'पाचव्या किलोमीटरला मी कच्चा.' पण पुष्कळदा असे आढळते की, दोष पाचव्या किलोमीटरचा नसतोच. दुसऱ्या कामाच्या वेळी, शेजाऱ्याला मागे टाकण्याच्या ईर्ष्येने, त्याने स्लेड एका दमात ढकललेली असते. मांड्यांतील बळ तेथेच खर्ची पडलेले असते. कार्य एका स्थळी दिसते आणि कारण दुसऱ्या स्थळी असते. न्यायशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला याविषयी प्रारंभीच सावध केले जाते. घटाला कुंभार, चाक व दंड ही कारणे. परंतु माती वाहून आणणारे गाढव आणि कुंभाराचा बाप हे 'अन्यथासिद्ध', म्हणजे तेथे उपस्थित असले किंवा पूर्वी होऊन गेले तरी कारणांत न मोजण्याजोगे. हरलेला धावपटू व त्याचे आप्त अशा गाढवांची केवढी गणना करतात! नव्या बुटांचा रंग, निघताना झालेली शिंक, कोणाची दृष्ट. आणि खरे कारण, म्हणजे स्लेड ढकलतानाची ती ईर्ष्या, कागदावर सेकंदांत लिहिलेले असूनही दिसत नाही.

कामावरून धावेकडे जाण्यात गेलेल्या वेळाचेही तसेच आहे. तो ना धावण्याचा, ना कष्टाचा. तेथे स्पर्धक पाणी पितो, श्वास घेतो, वाट चुकतो, क्षणभर हताश उभा राहतो. नवशिक्यांची कित्येक मिनिटे तेथेच गळून जातात आणि त्यांना त्याची आठवणही राहत नाही. गृहस्थाच्या दिवसातही दोन कामांच्या मधला असा वेळ असतो. त्याचा कागद मात्र कोणी हातात देत नाही.

आता कागद पाच कारणांनी वाचून पाहावा. अधिष्ठान म्हणजे शरीर, असे शांकरभाष्य सांगते. सुख, दुःख, इच्छा, द्वेष ज्याच्या आश्रयाने प्रकट होतात ते. कित्येक आधुनिक विवेचक 'ज्या ठिकाणी कर्म घडते ते स्थान' असाही अर्थ करतात. शर्यतीत दोन्ही अर्थ लागू पडतात, कारण एका गावच्या गालिच्यावर जी स्लेड सहज सरकते, ती दुसऱ्या गावच्या गालिच्यावर रुतून बसते. वजन तेच, पण घर्षण निराळे. म्हणूनच दोन गावांचे वेळ शेजारी मांडून 'मी सुधारलो' किंवा 'मी बिघडलो' असे म्हणणे जाणत्याला शोभत नाही. करणे म्हणजे इंद्रिये. चेष्टा म्हणजे आचार्यांच्या मते प्राण, अपान इत्यादी वायूंचे व्यापार, आणि ज्याने कधी दम लागेपर्यंत धावून पाहिले आहे त्याला त्याचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही.

दैव या शब्दापाशी मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण आपल्या बोलण्यात तो फार स्वस्त झाला आहे. दैव म्हणजे आंधळे नशीब, असे भाष्यकार म्हणत नाहीत. श्रीशंकराचार्यांच्या मते नेत्रादी इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या सूर्यादी देवता म्हणजे दैव. श्रीरामानुज अंतर्यामी परमात्मा असा अर्थ घेतात. डोळा निकोप असला तरी सूर्यप्रकाशावाचून तो पाहू शकत नाही, आणि तो प्रकाश डोळ्याच्या मालकीचा नसतो. जे आपले नाही व ज्यावाचून आपले कर्म होतही नाही, ते दैव. हा अर्थ घेतला की, शर्यतीतील एक विलक्षण गोष्ट उलगडते: प्रतिस्पर्धी हासुद्धा दैवाच्याच बाजूला मोजावा लागतो. तो शत्रू नव्हे, अनुग्राहक होय.

हे एका प्रत्यक्ष उदाहरणावरून पाहावे. अशा मिश्र शर्यतीचे एक जुने भावंड म्हणजे ३००० मीटरची स्टीपलचेस. तीत धावता धावता २८ लाकडी अडथळे व ७ पाण्याचे अडथळे ओलांडावे लागतात. पुरुषांसाठी प्रत्येक अडथळा सुमारे ९१ सेंटीमीटर उंच असतो. या प्रकारात बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा शेतकऱ्याचा मुलगा अविनाश साबळे याने भारताचे नाव केले. लहानपणी शाळेची वाट त्याने पायी व धावत तुडविली. बारावीनंतर तो सैन्यात महार रेजिमेंटमध्ये दाखल झाला, सियाचीनच्या बर्फात त्याने पहारा केला, आणि विशी उलटल्यानंतर त्याचे स्पर्धेतील धावणे सुरू झाले. २०१८ साली त्याने गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय उच्चांक मोडला.

त्याच्या दोन शर्यती शेजारी ठेवाव्यात. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेत युजीन येथे झालेल्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम शर्यतीत तो ८ मिनिटे ३१.७५ सेकंदांत, अकरावा आला. पुढच्याच महिन्यात, ६ ऑगस्टला, बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल स्पर्धेत तो ८ मिनिटे ११.२० सेकंदांत दुसरा आला. तीन आठवड्यांच्या आत वीस सेकंदांचा फरक! एवढ्या अवधीत मनुष्याचे फुप्फुस बदलत नाही, पाय बदलत नाहीत. पहिल्या शर्यतीत सर्वच मंद धावले. विजेत्याचा वेळसुद्धा ८ मिनिटे २५.१३ सेकंद होता, आणि शेवटच्या झेपेवर निकाल लागला. दुसऱ्या शर्यतीत वेग आरंभापासून तीव्र होता, कारण समोर केनियाचे धावपटू होते व या स्पर्धेतील या शर्यतीची तिन्ही पदके १९९८ पासून त्यांच्याच देशाकडे जात होती. विजेता अब्राहम किबिवोत याचा वेळ ८ मिनिटे ११.१५ सेकंद. म्हणजे अंतर एका सेकंदाच्या विसाव्या भागाचे! त्या विसाव्या भागाने सुवर्ण हुकले, असे सर्वांनी म्हटले. पण त्याच किबिवोतच्या पाठीमागे धावल्यामुळे साबळेचे पाय त्या दिवशी राष्ट्रीय उच्चांकापर्यंत पोहोचले, हे थोड्यांनी म्हटले. ज्याने सुवर्ण नेले त्यानेच रौप्याला तेज दिले. एकट्याने मैदानावर धावून त्याला तो वेळ गाठता आला असता काय? फार कठीण.

येथे कोणी म्हणेल, 'तर मग कर्त्याचे काय उरले? पाचांत तो एक. म्हणजे यशात त्याचा पाचवा हिस्सा व अपयशातही पाचवा.' ही वाणिज्याची बुद्धी झाली. भगवंतांनी कारणे मोजली, वाटे पाडले नाहीत. भात पिकण्यात पाण्याचा हिस्सा किती आणि बियाण्याचा किती, हे कोणता शेतकरी सांगू शकेल? एकही नसले तर काहीच नाही. परंतु या पाचांत एक भेद आहे आणि तो मोलाचा आहे. शरीराला उपदेश करता येत नाही. ते आपल्या धर्माने चालते. इंद्रियांना व प्राणांना करता येत नाही. दैवाला तर नाहीच. पाचांपैकी बोललेले ऐकू शकतो तो एकटा कर्ता. सातशे श्लोकांची गीता ऐकविली गेली ती अर्जुनाला. गांडीवाला नव्हे, रथाच्या अश्वांना नव्हे, वाऱ्याला नव्हे. म्हणून विश्लेषणात कर्त्याला प्रथम बोलावून घ्यावयाचे, ते तो सर्वांत अपराधी म्हणून नव्हे, तर त्याच्याशीच बोलता येते म्हणून. बाप मुलाला 'तू कमी पडलास' म्हणतो तेव्हा तो निवाडा करीत असतो. 'पुढच्या वेळी स्लेड कशी ढकलशील?' म्हणतो तेव्हा तो कर्त्याशी बोलत असतो.

दैवाला त्याचे द्यावयाचे म्हणजे अन्याय मुकाट्याने गिळावयाचा, असाही अर्थ नाही. २०१९ साली दोहा येथील जागतिक स्पर्धेच्या प्राथमिक शर्यतीत इतर धावपटूंच्या पडण्या-अडखळण्यामुळे साबळेची वाट अडली. तरी तो ८ मिनिटे २५.२३ सेकंदांत पोहोचला. पण अंतिम फेरीसाठी ते पुरेसे नव्हते. भारतीय चमूने दाद मागितली, पंचांनी चित्रफीत पाहिली आणि त्याला अंतिम शर्यतीत घेतले. तेथे तो ८ मिनिटे २१.३७ सेकंदांत तेरावा आला, आणि तेवढ्यावर टोकियो ऑलिंपिकची पात्रता त्याने मिळविली. पंचांनी त्या दिवशी केले ते दुसरे काय होते? कोणत्या कारणाचा भाग कोणाकडे जातो, हे त्यांनी निवडून काढले. दाद मागणे हीसुद्धा कर्त्याचीच चेष्टा होय. अठराव्या अध्यायातच सात्त्विक कर्त्याचे लक्षण येते. त्यात संगत्याग आहे, अहंकाराचा अभाव आहे, सिद्धी-असिद्धींत निर्विकारता आहे, आणि त्यांच्याच पंक्तीला धैर्य व उत्साह आहेत. ज्याला जिंकण्या-हरण्याचे काहीच वाटत नाही अशा आळशाचे हे वर्णन नव्हे.

पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस येथे ऑलिंपिकच्या या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय पुरुष तो ठरला व तेथे ८ मिनिटे १४.१८ सेकंदांत अकरावा आला. त्याच शर्यतीत इथिओपियाचा लामेचा गिर्मा, ज्याने २०२३ साली ७ मिनिटे ५२.११ सेकंदांचा विश्वविक्रम केला होता, शेवटच्या फेरीत अडथळ्यावर पडला व त्याला उचलून न्यावे लागले. त्याच्या हिशेबाच्या कागदात कोणती त्रुटी शोधावी? येथे विश्लेषण संपते व मौन सुरू होते, हेही विश्लेषकाला ठाऊक असले पाहिजे.

वेदान्ताचा अभ्यासक येथे आक्षेप घेईल की, ही पंचकारणे सांगण्याचा आचार्यांच्या मते हेतूच मुळी आत्मा अकर्ता आहे हे दाखविण्याचा. मग धावण्याच्या सेकंदांत डोके घालून काय साधणार? आक्षेप योग्य आहे. पण स्वतःच्या शर्यतीचा कागद दुसऱ्याचा असावा तसा, न फुगता व न खचता, वाचता येऊ लागतो तेव्हा वाचणारा कोण असतो, हे त्याने पाहावे. धावला तो दमला होता. वाचतो तो दमलेला नाही. ज्याला चुकीची लाज वाटते त्याला चूक दिसत नाही, ज्याला दिसते त्याला ती लाजवीत नाही. साक्षित्वाची ही ओळख फार लहान आहे, तथापि ती पुस्तकातून आलेली नाही.

तिरुवैयारु येथेच संतकवी त्यागराज (१७६७–१८४७) राहिले व तेथेच त्यांची समाधी आहे. तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी यांनी त्यांना दरबारी बोलावले, धन देऊ केले, आणि ते त्यांनी नाकारले, असे परंपरा सांगते. ही कथा फलत्यागाची म्हणून सांगितली जाते, ते ठीकच आहे. पण त्यागराजांनी नाकारले ते धन, तालीम नव्हे. स्वर रेसभर ढळला तर गुरुगृही शिष्याची गय होत नसे. दरवर्षी पौष वद्य पंचमीस त्यांच्या आराधनेत नाट, गौळ, आरभी, वराळी व श्री या रागांतील त्यांच्या पाच कृती शेकडो गायक एकत्र बसून गातात. त्या घोषात कोणाचा सूर कोणता हे निवडून काढता येत नाही, आणि कोणी काढीतही नाही. तेथे कागद नसतो. कारण ज्याचा त्याचा कागद ज्याने त्याने वर्षभर आपल्या घरी वाचलेला असतो.

जुलै २०२५ मध्ये मोनाको येथील शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यापाशी साबळे पडला. गुडघ्यातील अस्थिबंध फाटला, कूर्चेलाही इजा झाली. शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्या वर्षीची टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. यावेळी अधिष्ठानच मोडले. अशा शस्त्रक्रियेनंतर पुन्हा वेगाने धावण्यास बहुधा नऊ महिने किंवा त्याहून अधिक काळ जातो. आरंभी तर गुडघा पूर्ण सरळ होतो की नाही आणि किती अंशांत वाकतो, एवढेच मोजतात. ज्याने आठ मिनिटांत पस्तीस अडथळे ओलांडले, त्याला अंथरुणावर पडून एक टाच चार बोटे पुढे सरकवावयाची असते, आणि ती सरकविताना समोर प्रतिस्पर्धी नसतो, प्रेक्षक नसतात, घोट्याला यंत्रही नसते. टाच सरकते, थांबते. मग तो ती पुन्हा सरकवितो.